टेबलावर झोपून शिकवायचा विषय

दर तुकडीच्या तिसऱ्या दिवशी मी स्वतः टेबलावर पालथी झोपते आणि आठही विद्यार्थिनींना एकेक करून माझ्या पाठीवर हात चालवायला सांगते. पहिले दोन दिवस त्यांनी एकमेकींवर सराव केलेला असतो, मी शेजारी उभी राहून तो पाहिलेला असतो आणि बाहेरून पाहता बहुतेकींचे हात अगदी नीट चाललेले असतात. माझ्या पाठीला मात्र वेगळेच कळते. एकीचा तळवा पूर्ण टेकलेला दिसतो, पण सगळे वजन अंगठ्यावर असते. दुसरीचा हात कमरेपाशी पोहोचला की घाईने उचलला जातो. तिसरी स्वतःचा श्वास रोखून धरते आणि तो ताण तिच्या बोटांतून माझ्या अंगात उतरतो. यातले काहीच डोळ्यांना दिसत नाही. मसाज शिकवण्याचा व्यवसाय करावा असे मनात असलेल्या मैत्रिणी आणि ओळखीपाळखीचे लोक मला अभ्यासक्रम कोणता, प्रमाणपत्र कोणाचे, फी किती घ्यावी, असे प्रश्न विचारतात. त्यांचीही उत्तरे पुढे येतील. पण आपली पाठ विद्यार्थ्यांच्या हाती द्यायची तयारी आहे का, हे आधी स्वतःला विचारावे असे मी त्यांना सांगते, कारण हा विषय फळ्यापाशी उभे राहून निम्माच शिकवता येतो.

माझी आजी सोलापुरात घरोघरी जाऊन बाळंतिणींना आणि बाळांना तेल लावायची. दोन्ही पाय लांब करून पाटावर बसायची, बाळाला पायांवर घ्यायची, आणि रडणारे पोर तिच्या हाताखाली दोन मिनिटांत शांत व्हायचे. मी तिच्याबरोबर जायचे, कोमट तेलाची वाटी धरायचे आणि पाहायचे. ‘कसं करतेस?’ असे विचारले की ती म्हणायची, ‘बघ की.’ तिच्याजवळ एवढेच उत्तर होते आणि त्यात तिचा काही दोष नव्हता. आपल्याकडे ही विद्या सुईणींच्या, नाभिक समाजातील कारागिरांच्या आणि तालमीतल्या वस्तादांच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या राहिली. ती पाहून शिकली गेली, शब्दांत फारशी आलीच नाही. पुढे मी एका आयुर्वेदिक दवाखान्यात पंचकर्माची मदतनीस म्हणून लागले आणि चौदा वर्षे तेच काम केले. द्रोणीच्या, म्हणजे तेल लावताना झोपवण्याच्या लाकडी टेबलाच्या, दोन बाजूंना दोघींनी उभे राहायचे आणि दोघींचे हात एकाच लयीत खांद्यापासून खाली न्यायचे, ही शिस्त मला तिथे मिळाली. त्याचबरोबर उजव्या अंगठ्याच्या बुडाचा सांधाही दुखू लागला, इतका की सकाळी बरणीचे झाकण फिरवता येईना. हाडांच्या डॉक्टरांनी सांगितले की हे काम याच पद्धतीने चालू ठेवले तर सांधा लवकर निकामी होईल. वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी मी शिकवण्याकडे वळले, त्याचे पहिले कारण हे असे शारीरिक होते. मसाज करणाऱ्यांच्या अंगठ्याला, मनगटाला आणि कमरेला हा त्रास नेहमी होतो आणि त्यामुळे अनेकांना हा व्यवसाय अर्ध्यावर सोडावा लागतो, हे मला फार उशिरा कळले.

पहिल्या तुकडीत मी सपशेल चुकले. सहा जणी होत्या. मी करून दाखवायचे, त्या तसेच करायच्या. महिन्याभराने त्यांतील चौघी अंगठ्याने जोर देऊ लागल्या, म्हणजे माझे दुखणे मी त्यांना शिकवत होते. चूक दिसली तरी ती सुधारायला माझ्याजवळ ‘हळू’, ‘अजून थोडं’ आणि ‘असं नाही, असं’ एवढेच शब्द होते. आजीच्या ‘बघ की’पेक्षा हे फार पुढचे नव्हते. हाताला सवयीने जे येते ते शब्दांत सांगण्यासाठी मला पुढची दोन वर्षे लागली आणि शिक्षिका म्हणून माझे खरे शिक्षण त्या दोन वर्षांत झाले.

जोर कुठून द्यायचा हे सांगायला मला शेवटी ज्वारीची भाकरी उपयोगी पडली. आमच्याकडे येणारी जवळजवळ प्रत्येक मुलगी लहानपणापासून भाकरी करते. परातीत पीठ मळताना ती बोटांनी दाबत नाही. मनगटालगतचा तळव्याचा जाड भाग पिठावर टेकवते, कोपर फारसे न वाकवता अंग पुढे झुकवते आणि तिचे वजनच पीठ पुढे ढकलते. पाठीवरही हेच करायचे असते. मी आता पहिल्या दिवशी खरोखरच परात आणि पीठ ठेवते, मळायला लावते, आणि कमर, खांदा, मनगट यांची स्थिती तिथल्या तिथे त्यांच्याकडून बोलून घेते. टेबलाची उंचीही यातूनच ठरते: सरळ उभे राहून हात खाली सोडला असता मिटलेल्या मुठीच्या पेरांपर्यंत टेबल यावे. ते त्याहून उंच असले की वजन वापरता येत नाही आणि मुलगी पुन्हा अंगठ्याकडे वळते.

दाब किती, यासाठी घरातला साधा वजनकाटा वापरते. त्यावर तळवा ठेवून डोळे मिटून दोन किलो, मग पाच, मग आठ किलो दाब द्यायचा आणि शेजारणीने आकडा वाचायचा. पहिल्या दिवशी दोन किलो म्हणून पाच-सहा किलो देणाऱ्याच अधिक असतात. वेगाचे गणित त्याहून महत्त्वाचे वाटते. केसाळ त्वचेत मंद स्पर्शाला प्रतिसाद देणारे बारीक मज्जातंतू असतात आणि सेकंदाला एक ते दहा सेंटीमीटर, त्यातही सुमारे तीन सेंटीमीटर वेगाने फिरणाऱ्या हलक्या हाताला ते सर्वाधिक प्रतिसाद देतात, असे संशोधनातून दिसले आहे. खांद्यापासून कमरेपर्यंत साधारण पंचेचाळीस सेंटीमीटर धरले तर हात खाली यायला पंधरा सेकंद लागायला हवेत. नव्या मुलीचा हात चार सेकंदांत येतो. पंधरा सेकंद मोठ्याने मोजत हात खाली आणायला सांगितले की त्यांना ते संपता संपत नाही. पण टेबलावरच्या मुलीचा श्वास सहाव्या-सातव्या आकड्याला लांबलेला सगळ्यांना ऐकू येतो आणि मग कोणाला पटवून द्यावे लागत नाही.

नावांबद्दलही थोडे सांगते, कारण शिकवणाऱ्याने निदान ती नावे कुठून आली हे जाणलेले असावे. सगळीकडे ‘स्वीडिश मसाज’ म्हणतात आणि त्याचे श्रेय स्वीडनच्या पेर हेन्रिक लिंग यांना देतात. लिंग यांनी १८१३ मध्ये स्टॉकहोम येथे व्यायामशिक्षणाची संस्था काढली हे खरे. परंतु एफ्लुराज (हात फिरवणे), पेट्रिसाज (मळणे), टापोटमाँ (थोपटणे) ही फ्रेंच नावे आणि ती वर्गवारी रूढ करण्याचे काम प्रामुख्याने योहान गेऑर्ग मेत्सगर या डच वैद्याचे मानले जाते. परीक्षेपुरती ही नावे मुलींनी पाठ करावीत. काम करताना मात्र मी चोळणे, मळणे, चेपणे, रगडणे, थोपटणे हेच शब्द वापरते, कारण यांतील प्रत्येक शब्दाबरोबर हाताची एक वेगळी हालचाल त्यांच्या अंगात आधीच असते. ‘चेप’ म्हटले की कोणीही घासत नाही.

सोलापुरात आणखी एक गोष्ट शिकवावी लागते. इथे मराठीइतकीच तेलुगू आणि कन्नड कानावर पडते आणि टेबलावर झोपलेले माणूस दुखले की आपल्याच भाषेत बोलते. एकदा मंगळवेढ्याकडच्या एका खेड्यातून आलेली विद्यार्थिनी शहराच्या पूर्वभागातल्या, तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली या विणकर समाजातल्या एका वयस्क बाईंच्या पोटऱ्या चेपत होती. बाई दोन-तीनदा ‘चालु, चालु’ म्हणाल्या. मुलीने अधिक मन लावून, अधिक जोराने काम सुरू ठेवले. तेलुगूत ‘चालु’ म्हणजे पुरे. मी पलीकडच्या टेबलावरून धावत आले तोवर बाईंच्या डोळ्यांत पाणी आले होते. मुलगी पार खचली. त्या दिवसापासून भिंतीवर एक तक्ता आहे: दुखते याला तेलुगूत ‘नोप्पि’, कन्नडमध्ये ‘नोवु’, पुरे याला तेलुगूत ‘चालु’, कन्नडमध्ये ‘साकु’. आणि काम सुरू करण्यापूर्वी ‘थांबवायचं असेल तर नुसता हात वर करा’ असे सांगायचे, हा नियम आहे.

शहराच्या कामाधंद्याचा ठसा इथल्या अंगांवर असतो. विड्या वळणारी बाई मांडीवर सूप घेऊन, मान खाली घालून तासन्‌तास बसते. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते, म्हणून मान वर करायला तिला सवड नसते. तिच्या मानेपासून खांद्यापर्यंतचा स्नायू बोटांखाली पिळलेल्या दोरासारखा लागतो. यंत्रमागावर उभ्याने पाळी करणाऱ्याच्या पोटऱ्या आणि कंबर धरलेली असते. या दोन्ही अंगांना पुस्तकातील चित्राप्रमाणे हात लावून चालत नाही. मुलींपैकी काहींच्या आयाच विड्या वळतात, म्हणून दुसऱ्या आठवड्यापासून मी त्यांना आईला किंवा मावशीला घेऊन यायला सांगते. माझ्या एका विद्यार्थिनीने लग्नाआधी मागासाठी सुताच्या कांड्या भरण्याचे काम केले होते. सुतातली गाठ बोटाला लागताच हात थांबवायची तिला सवय होती. स्नायूतील गाठीवर तिचा हात पहिल्याच आठवड्यात आपोआप थांबू लागला, जे इतरांना दोन महिन्यांनीही जमत नव्हते. तेव्हापासून प्रत्येक नव्या मुलीला मी आधी विचारते की तिने आजवर हातांनी कोणते काम केले आहे.

‘मसाज’ या शब्दाविषयी लोकांच्या मनात जी शंका असते ती टाळून पुढे जाता येत नाही. वर्गासाठी जागा शोधताना एका घरमालकांनी हा शब्द ऐकताच दार लावून घेतले होते. मुलींचे वडील, नवरे, सासवा विचारायला येतात. मी त्यांना आत बोलावून वर्ग दाखवते. आमच्याकडे बायकाच बायकांना शिकवतात, आणि पहिला धडा तेलाचा नसून टॉवेलचा असतो. दोन मोठे सोलापुरी टॉवेल घ्यायचे, एक अंगाखाली आणि एक अंगावर. ज्या भागावर काम करायचे तेवढाच भाग उघडा करायचा. पायावर काम करताना टॉवेलची कड मांडीखाली घट्ट खोचायची, म्हणजे पाय हलवला तरी ती सुटत नाही. एक भाग झाला की तो झाकायचा आणि मगच दुसरा उघडायचा. आपला टॉवेल जाड आणि वजनदार असल्यामुळे पंख्याच्या वाऱ्यानेही हलत नाही. गुळगुळीत, पातळ कापड सारखे घसरत राहते आणि झोपलेली बाई ते सावरण्यात सगळा वेळ अंग आखडून असते. ज्या मुलीला हे झाकणे नीट जमत नाही तिला मी तेलाची बाटली देत नाही.

आता माझ्या हातून झालेल्या चुकीबद्दल सांगते. दवाखान्यात लागून वर्षही झाले नव्हते तेव्हा सत्तरीच्या, पाठीत किंचित वाकलेल्या एका आजी आल्या. पाठ दुखते म्हणून मी बरगड्यांवर अंगाचे वजन टाकून दाबले. हाताखाली एक बारीक आवाज झाला. बरगडी मोडली होती. उतारवयात, विशेषतः बायकांची हाडे ठिसूळ होतात, हे मला कोणी सांगितले नव्हते आणि मी कोणाला विचारलेही नव्हते. पुढचे सहा आठवडे मी रोज संध्याकाळी त्यांच्या घरी जात होते. त्या मला एका शब्दानेही बोलल्या नाहीत, आणि तेच अधिक जड गेले. म्हणून माझ्या वर्गात हात कुठे लावायचा नाही, याला हात कसा लावायचा याच्याइतकाच वेळ मिळतो. ताप, त्वचेचा संसर्ग, उघडी जखम, ताजा अस्थिभंग असेल तर काम नाही. रक्त पातळ होण्याची गोळी, गरोदरपण, कर्करोग, मधुमेह असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरुवात नाही. एकाच पायाची पोटरी सुजलेली, गरम आणि दुखरी असेल, त्यातही नुकतेच प्लॅस्टर निघालेले असेल किंवा माणूस बरेच दिवस अंथरुणाला खिळलेला असेल, तर खोल शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते, म्हणून तिथे बोटही न लावता दवाखान्यात पाठवायचे. मानेच्या पुढच्या बाजूला, काखेत आणि गुडघ्याच्या मागच्या खळग्यात रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू वरच असतात, तिथे जोर द्यायचा नाही. जुन्या लोकांना हे भान नव्हते असे नाही. वाग्भटाने अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या ग्रंथात रोज अभ्यंग, म्हणजे अंगाला तेल लावून मर्दन, करावा, डोके, कान आणि पाय यांना विशेषेकरून करावा, असे सांगतानाच कफाचा विकार असलेल्याने, नुकतेच शोधन (वमन, विरेचन यांसारखे शरीरशुद्धीचे उपचार) झालेल्याने आणि अजीर्ण झालेल्याने तो टाळावा, असेही तिथेच म्हटले आहे. पहिला भाग सर्वांना ठाऊक असतो, दुसरा फारसा कोणी सांगत नाही.

खोटे दावे न करणे हाही शिक्षिकेच्या कामाचा भाग आहे. मसाजने शरीरातील विषारी द्रव्ये बाहेर पडतात, व्यायामानंतरचे लॅक्टिक आम्ल निघून जाते, अशी वाक्ये मीही कधीकाळी म्हणत असे. व्यायामानंतर रक्तातील लॅक्टेट तासाभरात आपोआपच पूर्वपदावर येते. कंबरदुखीवरील प्रयोगांचा, कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेचा २०१५ सालचा आढावा पाहिला तर अल्पकाळ वेदना कमी झालेली दिसते, पण तो पुरावा फार पक्का नाही असे तिथे स्पष्ट लिहिले आहे. हे मी वर्गात आहे तसे सांगते. आठ दिवस खांदा हलका झाला तरी विड्या वळणाऱ्या बाईला ते पुष्कळ आहे आणि तिला तेवढेच सांगावे.

कागदपत्रांचा भाग थोडक्यात सांगते. आपल्या देशात मसाज करण्यासाठी किंवा शिकवण्यासाठी वेगळा असा परवाना नाही. अमेरिकेत बहुतेक राज्यांत परवाना लागतो आणि त्यासाठी टेक्सासमध्ये ५००, तर न्यूयॉर्कमध्ये १,००० तासांचे शिक्षण मागितले जाते. जपानमध्ये किमान तीन वर्षांचे शिक्षण आणि राष्ट्रीय परीक्षा आहे. आपल्याकडे ब्यूटी अँड वेलनेस सेक्टर स्किल कौन्सिलचा स्पा थेरपिस्टचा अभ्यासक्रम आहे आणि त्या चौकटीत शिकवायचे असेल तर प्रशिक्षकाचे वेगळे प्रमाणपत्र घ्यावे लागते. ते जरूर घ्यावे, कारण पाठाची आखणी, मूल्यमापन, नोंदी यांची सवय त्यातून लागते. परंतु त्याआधी निदान पाच वर्षे रोज काम केलेले असावे असे माझे ठाम मत आहे. मी स्वतः मोठ्या शहरातील एका संस्थेत पैसे भरून सात दिवसांत ‘मास्टर ट्रेनर’ झाले होते. तिथे आमच्यापैकी एकीचाही हात कोणी तपासून पाहिला नाही. ते प्रमाणपत्र मी भिंतीवर लावलेले नाही. पैशाच्या बाबतीत स्पष्टच सांगायचे तर पहिली दोन वर्षे नुसत्या शिकवण्यावर घर चालले नाही. सकाळी तीन-चार बायकांची कामे करायचे आणि दुपारी वर्ग घ्यायचे. आजही मी आठवड्यातून दोन दिवस स्वतः काम करते, कारण हात थांबला की शिकवणे पोकळ होऊ लागते.

आषाढी वारीच्या वेळी माझ्या मुली पंढरपूरला वारकऱ्यांचे पाय चेपायला जातात. ही त्यांची शेवटची परीक्षाच असते, फक्त तिला गुण नसतात. दिवसेंदिवस चालून आलेले पाय समोर येतात, फोड आलेले, भेगाळलेले, धुळीने भरलेले, आणि रांग मोठी असते. आधी पाय धुऊन पुसायचे, मग पाहायचे, विचारायचे, आणि त्यानंतरच तेल. मागच्या खेपेला मी एका मुलीच्या मागे उभी होते. साठीचे एक वारकरी खांबाला टेकून डोळे मिटून बसले होते आणि मुलगी त्यांच्या तळव्यावर बोट टेकवत विचारत होती, ‘माउली, बोट लावलेलं कळतंय का?’

‘लाव की, मग सांगतो,’ ते म्हणाले. बोट तळव्यावरच होते.

तिने दुसऱ्या पायाला बोट लावून पुन्हा विचारले. मग साखरेचे दुखणे आहे का, म्हणून विचारले. टाचेजवळची एक जखम तिने टॉवेलने हलकेच टिपली, तेलाच्या बाटलीचे झाकण लावले, रांगेतल्या लोकांना थांबायला सांगितले आणि त्यांना हाताला धरून ती शेजारच्या वैद्यकीय तंबूकडे घेऊन गेली.